फक्कीची चौकट

"पाळणा जरा बाजूला घेता का, बाई?" त्या माणसानं विचारलं. पाळणा छताच्या कडीला टांगलेला, बाजूला कुठे घेणार? मी तो छातीशी ओढून धरला आणि त्याच्या खालून मोजायची पिवळी फीत सरकत भिंतीपर्यंत गेली. दानीएल आत झोपला होता. फितीचा पत्रा फरशीवर खरखरला तसे त्यानं डोळे उघडले, आणि माझ्याकडे नाही, त्या परक्या माणसाकडेही नाही, मागच्या दाराकडे पाहिलं. रडला नाही. कोणी ओळखीचं आलंय का, असं पाहावं तसं पाहिलं आणि पुन्हा मिटले. मुंबईहून आलेल्या त्या साहेबांनी आकडा पुटपुटला, फीत सुर्रकन डबीत गेली आणि मी पाळणा सोडला. तो नेहमीपेक्षा लांब झोका घेऊन मागच्या दाराकडे गेला. परत येईपर्यंत मी दोन्ही हात पुढे धरून उभी राहिले. घर मोजलं जात होतं, एवढंच. पण मोजमापात बाळ धरलंय की वगळलंय, असा काहीतरी वेडा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता.

"घाबरू नका, वहिनी, जप्ती नाही ही," सोसायटीचे सेक्रेटरी कराळे म्हणाले. ते नेहमीसारखे दारातच उभे. चपला काढायच्या नाहीत म्हणून आत यायचं नाही. "उलट तुमच्या घराला मुंबईत भाव आलाय. असं बघा, तुमचं घर आमच्या सोसायटीकडं गहाण. अशी ओळीतली सगळी गहाणं एकत्र बांधायची आणि आम्ही ती साहेबांच्या संस्थेकडं गहाण टाकायची. त्यांनी ती आणखी वर टाकायची. मग वरनं नवा पैसा खाली येतो, आणि त्या समोरच्या माळावर दुसरी ओळ उभी राहते. हाय का न्हाई गंमत?"

"मग घर कोणाचं?" मी विचारलं.

"तुमचंच की! तुम्हीच राहताय ना?" आणि ते हसले. साहेब हसले नाहीत. ते मागच्या अंगणात गेले होते. "इथं सेप्टिक टाकी नाही," ते तिथूनच म्हणाले. कराळ्यांचं हसणं थांबलं. "आधीच्या बाईनं खणू दिलं नाही, साहेब. गवंडी टिकाव घेऊन आला तर ही मागच्या दारातच आडवी झाली. नवरा एस.टी.त मेकॅनिक, गरीब माणूस, बायकोपुढं काय बोलणार? ओळीत तेवढं एकच घर राहिलं." साहेबांनी रुमालानं मान पुसली. एक घर अपुरं म्हणजे सगळी ओळ अपुरी, असं ते शांतपणे म्हणाले. वर कळवायचं ते असं. मग कराळ्यांनी माणूस पाठवून पांढरी फक्की आणवली आणि मागच्या कोपऱ्यात खड्ड्याची चौकट आखून घेतली. शेजारच्या लंकाबाई भिंतीवरून डोकावल्या. "आगं बया, नगराला पाणी प्यायला न्हाई, आन् मुंबईवाल्यांना आमच्या संडासची काळजी! तुझ्या एका खड्ड्यापायी माळावरची सगळी घरं अडली म्हण की गं, लिडिया." मीही हसले. हसता हसता पाहिलं तर चौकट अगदी त्या जागेवर होती जिथे जमीन इतर अंगणापेक्षा किंचित वेगळी होती. बसलेली, जणू तिथे बरेच दिवस काहीतरी ठेवलं होतं आणि मग उचललं.

उचललं होतं मीच. घरात आलो तेव्हा त्या जागी एक सपाट काळा दगड होता. कपडे धुवायला असा दगड सावेडीत कुठे मिळायचा? मी आणि ह्यांनी तो पहारीनं ढकलत नळापाशी आणला. ह्यांचं नाव कृपादान. मिशनच्या शाळेत गणित शिकवतात. पहारीला हात लावायची त्यांची ती पहिली वेळ असेल. "आधीच्या बाईला धुणं इतक्या लांब धुवायची काय हौस होती?" असं ते धापा टाकत म्हणाले होते. आधीच्या बाईला मी पाहिलं नव्हतं. हस्तांतर सोसायटीच्या कचेरीत झालं, पुरुषापुरुषांत. मी आले तेव्हा घर रिकामं होतं. पण रिकामं घर रिकामं नसतं. चुलीच्या वरच्या भिंतीवर धुराचा एक पुसट हात होता. खिडकीच्या गजाला कापडाची दशी. आणि छताला ती कडी. स्लॅब टाकतानाच सळईला वळवून बसवलेली, मेकॅनिकच्या हातची, गुळगुळीत, पक्की. लग्नाला चार वर्षं होऊन माझी मांडी रिकामी होती, आणि पहिल्या दुपारी फरशीवर आडवी पडून मी त्या कडीकडे पाहत राहिले. कोणीतरी माझ्यासाठी अगोदर तयारी करून गेलंय असं वाटलं. दोन महिन्यांत मला दिवस गेले. सासूबाई शेवगावहून आल्या, कडीकडे पाहून म्हणाल्या, "घर लाभलं गं पोरी." उपकारस्तुतीला, देवाचे आभार मानायच्या प्रार्थनेला, आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले. त्यांनी दाराच्या चौकटीवर हात ठेवून प्रार्थना केली, आणि मी डोळे मिटलेले असताना माझ्या मनात देवाआधी ती कडीच आली.

पाण्याची बाई यायची ती दुपारी. मनमाड रस्त्याच्या पलीकडे खडीचं काम निघालं होतं, आणि दुष्काळानं हाकललेली गावंच्या गावं तिथे दगड फोडत बसायची. तिथल्या बायका पाणी मागायला ओळीत यायच्या, पण ही एकटी यायची, आणि फाटकाची कडी बाहेरून हात घालून काढायची. आमच्या फाटकाची कडी उलटी आहे. पहिल्या खेपेला कोणालाच उघडत नाही. हे मला आत्ता आठवतं. तेव्हा मी फक्त तांब्या भरून द्यायचे. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, पापण्यांवर दगडाचं पीठ. ती उकिडवी बसून घोट घोट पाणी प्यायची आणि पायरीवर खेळणाऱ्या दानीएलकडे बघायची. बायका मुलांकडे बघतात तसं नाही. त्या लगेच हात पुढे करतात, गाल ओढतात, नाव विचारतात. हिनं कधी नाव विचारलं नाही. आणि परक्याला पाहून घर डोक्यावर घेणारा माझा मुलगा तिच्यापुढे गप्प बसायचा. मला ते आवडायचं. चांगली बाई आहे, मी ह्यांना सांगितलंही होतं.

फक्की टाकली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मागचं दार सताड उघडं होतं. तिनं तांब्या तोंडाला लावला, आणि दोन्ही दारांतून तिची नजर आरपार मागच्या अंगणात गेली. तांब्या खाली आला. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं, तिनं पुसलं नाही.

"काय करताय तिथं?"

"टाकीचा खड्डा. संडासाचा."

"कोन म्हन्लं?"

"सोसायटी. मुंबईचे साहेब आले होते. परवा सकाळी खणायला येणार आहेत."

ती उठली नाही. बसल्या जागी थोडी पुढे मागे झाली, पाळण्यासारखी. मग म्हणाली, "माजं नाव बायडाबाई. ह्या घराला मीच हुते. सहादेव एश्टीवाला, त्याची बायको." तिच्यासमोर मी तिच्याच उंबऱ्यावर बसले होते. "आत या ना," मी म्हणाले, आणि ते इतकं हास्यास्पद वाटलं की मी पुन्हा म्हणाले, "या." ती आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच वर पाहिलं, कडीकडे. "त्यानी स्लॅपाच्या दिवशी बशीवली हुती. चौथा म्हैना हुता मला. गवंडी हासला, म्हन्ला आरं आधी पोरगं तर यिऊ दे. आलं. पाचवी पुजायच्या आदी गेलं." हे ती अगदी सरळ बोलत होती, बाजारभाव सांगावा तसं. "आमच्यात एवढं बारकं लेकरू जाळत न्हाईत, बाई. घराजवळ ठिवत्यात. सासू म्हन्ली, मागच्या अंगाला ठिवा, म्हंजी वाट चुकायचं न्हाई, परत ह्याच घरात यील, तुज्याच कुशीत. मी बाजंवर पडलेली. त्यानीच ठिवलं, वर काळा दगड ठिवला. मला बघवंना, मी मागं कदी उतरलेच न्हाई. मग नवऱ्याच्या हाताला मशीन लागली, नोकरी गेली, घर तुमच्याकडं आलं." तिनं दानीएलकडे पाहिलं. तो मूठ तोंडात घालून तिच्याकडेच बघत होता. "लेकरं घर वळखत्यात, बाई," बायडाबाई म्हणाली. "आईला मागनं वळखत्यात."

मी त्याला उचललं. मला कळण्याआधी माझ्या हातांनी उचललं. तिला ते दिसलं. "मी काय म्हनत न्हाई," ती घाईनं म्हणाली, "तुमचं तुमचं हाय. तुमच्या पोटचं. पन मागच्या अंगाला घान नगा टाकू. खंदायच्या आदी मला मूठभर माती न्हिऊ द्या. पलीकडं कूड घातलाय आमी, त्याच्या दारात ठिवीन. माजी कूस आजून हाय." आणि परवा पहाटे खणणारे यायच्या आधी येते, असं म्हणून ती गेली. फाटकाची उलटी कडी तिनं न पाहता लावली.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं तेव्हा ते वह्या तपासत होते. त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "नेऊ दे की. मातीनं कोणाचं काय बिघडतं?" मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, "लिडिया, आपल्यात असं काही नसतं. माणूस एकदा जन्मतो, एकदा जातो." मला ते माहीत होतं. माझे प्रचारक वडील घोडेगावच्या बाजारात गुरांच्या गर्दीत उभं राहून हेच सांगायचे आणि मी त्यांच्या कोटाला धरून ऐकायचे; सगळी गर्दी बैलांचे दात बघत असायची. माहीत असणं वेगळं. चार वर्षं जे आलं नाही ते या घरात दोन महिन्यांत कसं आलं? पहिल्या दिवसापासून तो मागच्या दाराकडे का बघतो? "उजेड येतो तिकडून," हे म्हणाले. "सगळी पोरं उजेडाकडे बघतात." मी म्हणाले, "तुम्ही काल साहेबांच्या मोजणीवरून सांगत होतात ना, घर जागचं हलत नाही, त्याच्यावरचा हक्क तेवढा पुढे पुढे जातो?" ते हसले. "ते कर्जाचं होतं गं." मी नुसती मान हलवली. माझ्या डोळ्यांपुढे हात होते. घरावर आमचा हात, आमच्या हातावर सोसायटीचा, त्याच्यावर त्या मुंबईच्या साहेबांचा, त्याच्यावर आणखी कोणाचा, चेहरा नसलेला. आणि सगळ्यांच्या खाली, जमिनीला लागून, दगडाच्या पिठानं माखलेला, चिंध्या बांधलेला एक. सगळ्यात आधीचा. त्याला कोणी मोजलं नव्हतं.

दुसरा सबंध दिवस मी दानीएलला खाली ठेवलं नाही. तो मला ओळखतो का, हे बघत राहिले. आठ महिन्यांचं मूल आईला ओळखतं, हे कोणालाही विचारा. पण मी त्याला पदराआड घेतलं की तो डोळे मिटून पितो; तेव्हा तो कोणाचं पितोय हे त्याला दिसत नसतं. त्याच्या कानामागे एक तीळ आहे. सासूबाई म्हणतात त्यांच्या घराण्यात आहे असा. कोणाला आहे विचारलं तर आठवत नाही त्यांना. मी त्याला आंघोळ घालताना तो तीळ अंगठ्यानं घासून पाहिला. जाईना तेव्हा बरं वाटलं की वाईट, कोण जाणे. लंकाबाई भिंतीवरून म्हणाल्या, "आगं घासतीस किती, तांब्याचं भांडं हाय का ते?" मग त्याचे लंगोट घेऊन नळापाशी गेले. पाणी कमी, साबण जास्त. काळ्या दगडावर लंगोट आपटताना माझे हात थांबले. जन्मल्यापासून त्याचं सगळं मी याच दगडावर धुतलं होतं. तो दगड कुणाच्या तरी अंगावर पांघरुणासारखा होता आणि मी तो ओढून आणला होता. पण मला ओरडून सांगावंसं वाटलं, मला कोणी सांगितलं नव्हतं हो, मला घर देताना कोणी काहीच सांगितलं नाही. दगड ओला आणि थंड होता. त्याच्या कडेनं फेसाचं पाणी मातीत मुरत होतं, रोज मुरतं तसं.

ती उजाडताना आली. अंगावर जुनं पण धुतलेलं हिरवं लुगडं, हातात खुरपं, आणि एक नवा पांढरा फडका. हे शाळेच्या प्रार्थनेला लवकर गेले होते. दानीएल पाळण्यात झोपला होता. ती अंगणात शिरली, इकडेतिकडे पाहिलं, आणि नळापाशी तिला तो दगड दिसला. "ह्यो का," ती स्वतःशीच म्हणाली. मी दारात उभी होते. मला दिसलं की ती चुकली आहे. तेव्हा ती बाजेवर पडून होती, नंतरही कधी मागे उतरली नव्हती; तिनं जागा पाहिलीच नव्हती. काळ्या दगडाखाली, एवढंच तिला नवऱ्यानं सांगितलेलं. तिनं डोक्यावर पदर घेतला, दगडाला हात लावून तो हात कपाळाला लावला, आणि दगड एका अंगाला कलता करून खालची माती खुरपायला लागली. मी बोलले नाही. माझ्या मनात स्पष्ट आवाज होता, शांत, कराळ्यांच्या आवाजासारखा: नेऊ दे. तिला तिची माती मिळाली, समाधान झालं. खरी जागा आहे तिथेच राहील, त्याच्यावर टाकी होईल, सिमेंट होईल, आणि तुझ्या मुलाला कोणी हाक मारायला उरणार नाही. यात खोटं काय बोललीस तू? काहीच बोलली नाहीस.

माती ओली होती, सहज निघाली. बायडाबाईनं ती ओंजळीत घेऊन नाकापाशी नेली. "साबनाचा वास येतुया," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहून पहिल्यांदा हसली, जरा लाजल्यासारखी. "कसा गोड वास येतुया, बाई." तिनं फडका पसरला, माती ठेवली, चारी टोकं जुळवून गाठ मारली आणि ती पोटाशी धरून फाटकाकडे निघाली. तेव्हा मी नळापाशी उकरलेल्या त्या ओल्या मातीकडे पाहिलं. त्या मातीत काय होतं? आठ महिन्यांचे लंगोट, झबली, त्याच्या अंगाचं तेल, त्यानं ओकलेलं माझं दूध. तिच्या फडक्यात तिचं बाळ नव्हतं. माझं होतं. ती ते कुडाच्या दारात पुरणार होती आणि रोज हाक मारणार होती.

"बायडाबाई!"

मी ही हाक खरेपणानं मारली की भीतीनं, हे मला नीट सांगता येत नाही. दोन्ही एकाच घशातून आलं. ती फाटकात थांबली, एक हात उलट्या कडीवर. "तिथं नाही," मी म्हणाले. "दगड मी हलवलाय. घरात आलो तेव्हा. माहीत नव्हतं मला. तो तिकडे होता." आणि मी फक्कीच्या चौकटीकडे बोट केलं.

मला वाटलं ती रागावेल. शिव्या देईल, कपाळ बडवून घेईल. ती परत आली, नळापाशी बसली, गाठ सोडली आणि ती माती होती तिथे ओतून हातानं सपाट केली. मांडीवरच्या मुलाची पाठ थोपटावी तशी. "ही तुमची," ती म्हणाली. एवढंच.

चौकटीतली जमीन मुरमाची, वाळून दगड झालेली. खुरपं नुसतं टणटण वाजायचं. तिच्या बोटांच्या चिंध्या सुटायला लागल्या. मी आत गेले. हंड्यात दिवसभराचं प्यायचं पाणी होतं, टँकर आता संध्याकाळशिवाय येणार नव्हता. मी हंडा उचलून आणला. "आवं, नगा, नगा, प्यायचं हाय ते," ती म्हणत होती, तोवर मी ओतलं होतं. कोरड्या जमिनीनं ते गटगट प्यायलं, आवाज येईल असं. मग मी पहार आणली. मला ती पेलेना, म्हणून दोघींनी मिळून धरली. तिचे हात माझ्या हातांवर होते, खरखरीत आणि गरम. वर कोणाचे, खाली कोणाचे, पहारीला काही फरक पडत नव्हता. वीतभर खाली माती रंगानं थोडी काळी झाली. बाकी काही नव्हतं. ती म्हणाली, "बास," आणि पहार माझ्याकडे सोडून ओणवी झाली. ती बोटांनी माती गोळा करत असताना मी तोंड फिरवलं. ती काहीतरी बोलत होती, अगदी हळू, एक नाव पुन्हा पुन्हा. पाचवीच्या आधी मुलाला नाव ठेवत नाहीत. तिनं ठेवलेलं होतं.

जाताना तिनं पाणी मागितलं नाही. मागितलं असतं तरी मी कुठून देणार होते? पण तिनं दाराकडेही पाहिलं नाही. आजवर ती अशी कधी गेली नव्हती. पांढरी पुरचुंडी पदराखाली धरून, एक हात तिच्यावर ठेवून, ती समोरच्या माळावरून चालत गेली, जिथे नवी घरं उठायची आहेत तिथून, आणि चालताना खाली मान घालून पुरचुंडीशी बोलत होती. मला हायसं वाटायला हवं होतं. फाटक लावताना बाहेर टिकाव-फावडी घेतलेले दोघं आणि त्यांच्यामागे कराळे येताना दिसले. "आवरलं का वहिनी? लागू द्यायचं का कामाला?" मी मान हलवली. "अरे, अर्धं खणलं की तुम्ही!" ते हसले.

मी आत गेले. पाळणा स्तब्ध होता. मागे पहिला टिकाव पडला आणि दानीएल जागा झाला. मी पाळण्याच्या काठाला धरून उभी राहिले. आता तो मागच्या दाराकडे बघेल, मी मनाशी म्हणाले, आवाजही तिकडूनच येतोय. दुसरा टिकाव पडला, तिसरा पडला. त्यानं मान वळवली नाही. तो सरळ माझ्याकडे बघत होता. हसत नव्हता, रडतही नव्हता. कपाळाला बारीक आठी घालून, एकटक, नुकतंच कुठून तरी येऊन पोचलेलं आणि दार कोणी उघडलंय ते निरखणारं माणूस बघतं तसा. मी वाकले. माझे हात मातीचे होते, म्हणून त्याला उचललं नाही. नुसतं तोंड त्याच्या तोंडाजवळ नेऊन मी त्याला माझं नाव सांगितलं. आई असं नाही. लिडिया, म्हणाले. लिडिया कृपादान. मग थांबून, तो काय ठरवतोय याची वाट बघत राहिले.